गाढवीण तेवढी परत मिळाली

मी एक म्हातारी गाढवीण आहे. माझ्या पाठीवरचे केस खोगिराने खाल्ले आहेत आणि डावा कान अर्धा तुटलेला आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराने चार गोड आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमणार नाही. माझ्या पोटात राग आहे, आणि तो चाऱ्याबरोबर पचत नाही.

माझा जन्म दारफुर मुलखातल्या मर्रा डोंगराच्या पायथ्याशी झाला. माझ्या मालकिणीचे, कल्तूमाचे, लग्न ठरले तेव्हा तिच्या वडिलांनी माझा दोर तिच्या हाती दिला आणि जावयाला बजावले, की ही गाढवीण माझ्या मुलीची आहे, तुझी नाही. जावई हसला. याह्या त्याचे नाव, भला माणूस होता. आम्ही तिघे मिळून बाजरी, कांदे आणि संत्री बाजाराला नेत असू. चढ लागला की कल्तूमा माझ्यावरून उतरे आणि बाजूने चालत माझ्याशी गप्पा मारी. ती मला ‘भुरे’ म्हणायची. त्या दिवसांत कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

मग लढाई आली. गाव जळाले. याह्याला त्याच्या स्वतःच्या दारात ठार मारले. तान्ह्या लेकीला, नजवाला, पाठीशी बांधून आणि उरलीसुरली भांडी माझ्यावर लादून कल्तूमा चालत निघाली, ती निर्वासितांच्या या छावणीत येऊन थांबली. इथे गवताच्या कुडाला कूड लागून घरे आहेत. आमच्या कुडापलीकडे मस्तूरा राहते. ती चहा विकते. तिचा चहा गोड आहे आणि जीभ तिखट.

छावणीत धान्य मिळे, पण जळण मिळत नसे. बाजरीचे पीठ कच्चे कसे खाणार? म्हणून बायका मला आणि माझ्यासारख्या इतर गाढवांना घेऊन दूरच्या कोरड्या नदीत लाकडे गोळा करायला जात. तिथे बंदुकवाले फिरत. पुरुष जात नसत. त्याचे कारण छावणीचा प्रमुख, ओमदा तिजानी, सगळ्यांना शांतपणे समजावून सांगे. पुरुष गेले तर मारले जातील, बायका निदान परत तरी येतात, असे त्याचे म्हणणे होते. बाकीचे पुरुष माना डोलावत. एकदा मस्तूराने त्याला चहा देता देता विचारले, “परत कोण येतं, ते एकदा नीट निरखून बघितलंत का, आजोबा?” ओमदाने कपात नजर घातली आणि साखर कमी पडली म्हणाला.

एके दिवशी नदीत उंटांवरून तिघे जण आले. बायका पांगल्या. माझा दोर झुडपात अडकला होता. तो सोडवायला कल्तूमा मागे राहिली. मित्रांनो, तिथे काय घडले ते सांगण्याचा हक्क तिचा आहे, माझा नाही. मी एवढेच सांगेन, की मी तिथे होते. मी सगळे पाहिले. दोराला हिसके देऊन देऊन माझी मान सोलून निघाली, तरी तो मेला दोर तुटला नाही.

जाताना त्यांच्यातल्या एकाने, बखीत त्याचे नाव, मला ओढून नेले. माझ्या डाव्या कानावर कल्तूमाच्या वडिलांनी खूण केली होती. बखीतने खुणेसकट अर्धा कानच कापला. पुढे कितीतरी महिने मी त्याच्या तळावर पाण्याची पिंपे वाहिली आणि काठीचा मार खाल्ला.

इकडे कल्तूमाचे काय झाले, ते मला नंतर मस्तूराच्या तोंडून कळले. ती शहरात तक्रार करायला गेली होती. तिथे तिला विचारले, की साक्षीदार आहे का? नसेल तर तक्रार उलटून तुझ्याच अंगाशी येईल, कारण परपुरुषाबरोबर होतीस हे तू स्वतःच्या तोंडाने कबूल करते आहेस. कल्तूमा घरी आली आणि गप्प झाली. बायका तिच्याशी हळू आवाजात बोलत. पुरुष तिला टाळत. जणू चोरी तिनेच केली होती.

मग एका बाजारच्या दिवशी बखीतने मला दुकानाबाहेर बांधले. मी माशा हाकलत उभी होते. कोणीतरी माझा दोर धरला. तो हात मी ओळखला. कल्तूमा ओरडली नाही, रडली नाही. तिने दोर मनगटाला गुंडाळला आणि तिथेच खाली बसली. बखीत आला, धमकावू लागला, मी हिला विकत घेतले आहे म्हणाला. पण बाजार भरलेला होता. लोक जमले. जनावराची चोरी म्हणजे इथे मोठी गोष्ट. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी पंचायत बोलावली.

पंचायत मोठ्या बाभळीखाली बसली. पुरुष सावलीत चटयांवर होते. बायका उन्हात उभ्या होत्या. बखीतच्या बाजूने त्याचा काका आला होता. ओमदाने तोडगा काढला. गाढविणीला मोकळे सोडा, ती कोणाकडे जाते ते पाहू. मी थेट कल्तूमाकडे गेले आणि तिच्या खांद्यावर तोंड ठेवले. सगळीकडून वाहवा झाली. जनावर खोटे बोलत नाही, असे ओमदा म्हणाला. गाढवीण कल्तूमाची, आणि चोरीबद्दल बखीतने वर एक शेळी द्यावी, असा निकाल लागला. माणसे उठून कपडे झटकू लागली.

तेव्हा कल्तूमा बोलली. “भुरी माझी हे तुम्ही मानलंत. ती माझ्या हातातून नेली, हेही मानलंत. मग त्या वेळी माझं काय केलं, ते कोण विचारणार?”

बखीतच्या काकाने साक्षीदार मागितला. मित्रांनो, साक्षीदार मीच होते. आताच माझ्या शब्दावर निकाल दिला होता ना? मी जीव खाऊन ओरडले. माझा आवाज कसा आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे हसले. बखीतही हसला. ते हसू आठवले, की आजही माझी लाथ हवेत जाते.

ओमदा कल्तूमाजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “पोरी, ते घरात बोलू. चारचौघांत नाव खराब होतं.”

“कोणाचं?” कल्तूमाने विचारले.

कल्तूमाने माझा दोर त्याच्या पायाशी टाकला. “दोन्ही गोष्टी मानणार असाल तर हिला नेते. नाहीतर ही गाढवीण आणि ती शेळी तुम्हीच सांभाळा.” एवढे बोलून ती निघून गेली. मला वाईट वाटले. तिच्यामागे जावेसे वाटले. पण तिचा राग मला समजला, म्हणून मी जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी मस्तूराची चूल पेटली नाही. तिच्या शेजारणीचीही नाही. जळण संपले, आणि एकही बाई नदीकडे गेली नाही. पुरुषांना चहा नाही, बाजरीच्या पिठाची घट्ट असिदा नाही, भेंडीचे कालवण नाही. मुलांना भिजवलेले खजूर आणि दूध मिळे, पुरुषांना काहीच नाही. ओमदाच्या बायकोने तर पातेलीच पालथी घातली. ओमदा आधी रागावला, मग समजावू लागला, मग भुकेला झाला. शेवटी तोच मला घेऊन लाकडे आणायला निघाला.

नदीत त्याला बंदुकवाल्यांनी अडवले. त्यांनी त्याचा फेटा उतरवला, चपला काढून घेतल्या, गुडघ्यांवर बसवले आणि त्याच्या पांढऱ्या दाढीची टर उडवली. त्याने गोळा केलेली लाकडे त्यालाच त्यांच्या उंटांवर लादायला लावली. मग जा म्हणाले. अनवाणी, उघड्या डोक्याने तो माझ्या बाजूने चालत आला.

छावणीच्या तोंडाशी मस्तूरा उभी होती. “परत आलात ना, आजोबा? मग झालं तर.”

ओमदा एकदम शहाणा झाला, असे मी म्हणणार नाही. त्याला भूक लागली होती आणि त्याची अब्रू गेली होती. पण त्याने पुन्हा पंचायत बोलावली. या वेळी बायका उन्हात उभ्या राहिल्या नाहीत, येऊन चटयांवर बसल्या. काही पुरुष पुटपुटले. त्यांना जागा द्यावी लागली. कल्तूमाने सारे सांगितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न चढवता. कोणी हसले नाही. बखीतचा काका आलाच नव्हता. चोरीही खरी आणि अत्याचारही खरा, असे ओमदाने सर्वांसमोर म्हटले. मग कल्तूमाने माझा दोर उचलला.

आता तुम्ही विचाराल, बखीतला शिक्षा झाली का? नाही झाली. शहरातल्या एका वकीलबाईंनी खटला उभा केला, त्याच्या तारखा पडतात. परवा मी बखीतला बाजारात मांस भाजून खाताना पाहिले. लढाई थांबली असे मोठी माणसे सांगतात. मी नदीकडे जाते, मला तसे दिसत नाही. मात्र आता पुरुष पाळीपाळीने बरोबर येतात, सगळे मिळून जातो आणि सगळे मिळून परततो. पंचायतीत कल्तूमा बसते, मस्तूरा बसते, आणि मस्तूरा बसली की लांबण लावणाऱ्यांची भाषणे आखूड होतात.

गेल्या हंगामात पलीकडच्या छावणीतली एक मुलगी आली. तिला बोलता येईना. एका म्हाताऱ्याने सवयीने साक्षीदाराचे विचारले. कल्तूमाने त्याच्याकडे नुसते पाहिले, मुलीला पाणी दिले आणि म्हणाली, “तू बोल गं. आम्हाला घाई नाही.”

मित्रांनो, माझा कान पाहून तुम्ही हळहळाल. हळहळू नका, त्याची जखम केव्हाच भरून आली. तुमच्याकडेही एखादी मुलगी घाबरत काही सांगायला येईल. तेव्हा ती तिथे का गेली होती, हे विचारू नका. नाव खराब होईल, असे म्हणून तिला आत ढकलू नका. एखादे जनावर हरवले, तर तुम्ही सगळा गाव शोधायला उठवता. तिच्यासाठीही उठा.