उखर्डूची माय

उखर्डू माझा मुलगा. जन्माला घातलेला नव्हे, सूपभर ज्वारी देऊन घेतलेला. जैनाबादेत तेव्हाचं कुणी उरलं असेल तर विचारा, हेच सांगतील.

शेजारच्या भागाबाईची लेकरं जगत नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर नाव ठेवायलाही थांबलं नाही. पुढच्या खेपेला सुईणीनं सांगितलं तसं केलं. बाळ जन्मलं की सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि भागाबाई खाटेवरूनच ओरडली, "मले नको हे पोर, कोनी घेता का?" ठरल्याप्रमाणे मी पुढे झाले, तिच्या उंबऱ्यावर सूपभर ज्वारी ओतली आणि पोर उचललं. उकिरड्यावरचं, म्हणून उखर्डू. असलं टाकाऊ पोर यम कशाला नेईल, असा त्यामागचा हिशेब. आमच्याकडे असे उखर्डू, कडू, लोटू गल्लोगल्ली आहेत. देव आणि यम दोघंही आपल्याइतकेच भोळे, असं आम्ही धरून चालतो.

मी तेव्हा नुकतीच विधवा झाले होते. मूलबाळ नव्हतं आणि देवाशी बोलणं बंद होतं. पोर माझं झालं ते नावापुरतं. दूध भागाबाईच पाजायची, न्हाऊ-माखू तीच घालायची, झोपायचा तिच्याच कुशीत. फक्त तिनं त्याला 'माझा' म्हणायचं नाही, एवढंच. तो मला माय म्हणायचा, तिला काकू आणि सख्ख्या बापाला, गिरधरला, काका. गुडघा फुटला की भोकाड पसरून माझ्याकडे यायचा आणि मी त्याला तसाच उचलून काकूकडे न्यायची, कारण माझ्या घरात हळद वेळेवर कधी सापडली नाही.

भागाबाई रोज सकाळी नदीकाठच्या महादेवाला तांब्याभर पाणी घालायची. एकदा मी मागे उभी राहून ऐकलं. "महादेवा, मथुराच्या पोराले सुखात ठेव. मथुराच्या पोराचं लगन होऊ दे." मला हसू आवरेना.

"माह्या पोराची तुले एवढी काळजी काऊन वं?" मी म्हटलं.

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. देवासमोर ती डोळ्यांतून टिपूसही काढायची नाही. म्हणायची, "दुसऱ्याच्या पोरासाठी कोनी रडते का? त्याले शक येईन ना." त्याला म्हणजे महादेवाला. तीन डोळ्यांच्या देवाला ही बाई फसवायला निघाली होती.

हे सगळं हळद लागेपर्यंत. लग्नात पोराला हळद लागली की खऱ्या आईनं सूपभर ज्वारी देऊन त्याला परत घ्यायचं, मग भीती नाही, असा आमचा नेम. असीरगढकडची मुलगी ठरली होती, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा होता. भागाबाईनं ज्वारी निवडून, पाखडून, गाडग्यात भरून ठेवली होती. त्या गाडग्याकडे ती जशी बघायची तसं मी कुणाला सोन्याकडेही बघताना पाहिलं नाही. पोरानं आपल्याला एकदा माय म्हणावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. उखर्डू केळीच्या मळ्यात शेणखत पसरत होता, तेव्हा दाताळ्याचा एक दात त्याच्या पायात घुसला. पाटाच्या पाण्यात पाय धुतला, चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागला. जखम वरून मिटलीसुद्धा. मग एका सकाळी भाकरी खायला त्याचं तोंडच उघडेना. आम्हाला वाटलं, दाढ. मी लवंग दिली, भागाबाईनं गाल शेकला. मी वर चेष्टाही केली, "बायको यायच्या आधीच तोंड बंद? नंतर तं आहेच." तो दात न उघडता हसला. दुपारपर्यंत मान ताठली आणि पाठ धनुष्यासारखी वाकली, तेव्हा मी धावत जाऊन गिरधरला बोलावलं.

गिरधरनं त्याला बैलगाडीतून घाटावर आणलं, नावेत घातलं आणि पलीकडे राजघाटावर उतरून आम्ही शहरातला दवाखाना गाठला. डॉक्टर बिचारे चांगले होते. पाय पाहिला, विचारलं, "किस से लगा?"

"खताचं दाताळं, साहेब," गिरधर म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. धनुर्वात, म्हणाले. हा रोग शेणखतातच असतो, उकिरड्यात असतो, जखमेवाटे आत शिरतो. मी भागाबाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. ज्या उकिरड्याच्या भरवशावर आम्ही त्याला जगवला, त्याचंच नाव डॉक्टरांनी घेतलं होतं.

सुया टोचल्या. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत त्याला ठेवलं आणि खिडक्यांना काळं कापड लावलं. डॉक्टर म्हणाले, उजेड नको, आवाज नको, हात लावायचा नाही. कशानंही झटका येईल. "और रोना बिलकुल नहीं. वो सब सुनता है, सब समझता है." नर्सबाईंनी दार अडवलं आणि म्हणाल्या, "अंदर सिर्फ माँ बैठेगी. माँ कौन है?"

आम्ही तिघं उभे होतो. गिरधरनं मान खाली घातली. भागाबाईचे ओठ हलले. मग तिनं मला पाठीमागून ढकललं, चांगलं जोरात.

"मी," मी म्हटलं आणि आत गेले.

एवढी जिभेची तिखट बाई मी, गल्लीत माझ्यापुढे कुणाचं चालत नाही, आणि तिथं मला मुक्यानं बसायचं होतं. त्याचा जबडा आवळलेला, चेहरा ताणून हसल्यासारखा झालेला, आणि हसू तर कुठेच नाही. डोळे मात्र जागे. ते माझ्यावरून दाराकडे जायचे आणि पुन्हा माझ्याकडे यायचे. बाहेर भांडं पडलं तरी त्याचं सगळं अंग कमानीसारखं वर उचललं जायचं. दाताखाली जीभ सापडून रक्त यायचं, ते पुसायलाही हात पुढे करायची चोरी. तो कुणाला शोधतोय ते मला कळत होतं. काय करणार होते मी?

बाहेर आले की भागाबाई व्हरांड्यात तोंडात पदर कोंबून बसलेली दिसायची. "कसा हाये तुहा पोरगा?" ती विचारायची. तेव्हासुद्धा, 'तुहा'. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

दुसऱ्या दिवशी तिनं माझे पाय धरले. "मथुरा, तू माय हायेस. तू माग देवाजवळ. माह्या तोंडून चुकून खरं निघालं तं त्याले कळून जाईन."

मी गेले. नवऱ्यासाठी शेवटचं मागितलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच देवापुढे उभी राहिले. राजघाटावर पायऱ्यांशी एक लहानशी पिंड आहे. हात जोडून म्हटलं, "देवा, पोराले वाचव." पुढे काय बोलायचं सुचेना. डोळे कोरडे ठणठणीत. माझ्या मागे दोन पायऱ्या वर भागाबाई पाठ फिरवून बसली होती आणि तिच्या खांद्यांना नुसते हिसके बसत होते. मागणं माझं आणि रडणं तिचं, अशी आमची वाटणी झाली होती. असलं अर्धंमुर्धं मागणं वर पोचतं का, देव जाणे.

मग दिवाळी आली. त्याच दिवसांत राज्यंही नवी झाली होती. नागपूर-वऱ्हाड मुंबईला जोडलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. ज्यांना त्याचा आनंद झाला त्यांनी फटाके फोडले, ज्यांना नाही झाला त्यांनीही दिवाळी म्हणून फोडले. गिरधर, जन्मात कुणापुढे चार शब्द न बोललेला माणूस, दवाखान्याभोवतीच्या गल्ल्यांतून हात जोडत फिरला. "माहा... आमच्या शेजारनीचा पोरगा आत हाये हो, आवाज करू नका." लोक चांगले. कित्येकांनी पोरांच्या हातातल्या लडी काढून घेतल्या. पण सगळ्या शहराला कोण गप्प करणार? लक्ष्मीपूजनाची सांज होती. दूर कुठे बार उडाला की इकडे आत उखर्डूचं अंग ताणायचं, श्वास अडायचा, तोंड निळं पडायचं. मी कानांवर हात ठेवावेत तर कुणाच्या? त्याच्या कानांना हात लावायची बंदी. मी पलंगाशी उकिडवी बसून प्रत्येक आवाजाची वाट बघत होते.

डॉक्टर येऊन गेले. बाहेर मला म्हणाले, "अब ऊपरवाले का नाम लो, माई."

भागाबाईनं ते ऐकलं. ती दुपारी घरी जाऊन आली होती, मला वाटलं भाकरी आणायला. तिनं गाठोडं सोडलं. आत ती निवडलेली ज्वारी होती आणि सूप.

"घे," ती म्हणाली. "अन माहा पोरगा मले दे."

मी घाबरले. "भागा, वेडी झाली का? हळद लागली नाई अजून. उद्या काही झालं तं लोक तुलेच बोलतीन. तूच सोताले खाशीन जन्मभर."

"खाईन." ती खाली बसली. "मी एवढे वर्स त्याले देवापासून लपवला, मथुरा. ज्याच्यापासून लपवला त्याच्याजवळच मागू कसं? त्याच्यावर भरोसा असता तं लपवला असता का? आता माह्याजवळ दुसरं काहीच नाई. खरं तरी सांगते त्याले. तो रागावला तं रागावला."

मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला तो द्यायचा नव्हता. नावाचा का होईना, तो माझा होता, त्याच्या 'माय' या हाकेवर मी दिवस काढले होते. व्हरांड्यातल्या कंदिलाच्या उजेडात तिनं सूप भरून माझ्या ओटीत रिकामं केलं. मी नर्सबाईंना म्हटलं, "माय ती हाये. मी शेजारीण." त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं.

मी दाराच्या फटीतून बघत राहिले. ती पलंगाशी जमिनीवर बसली. हात लावला नाही. अगदी हळू, वाऱ्यालाही कळणार नाही असं म्हणाली, "उखर्डू, मी तुही माय हाये. मीच." त्याचे डोळे तिच्याकडे वळले आणि तिथंच थांबले, दाराकडे पुन्हा गेले नाहीत. त्या आवळलेल्या चेहऱ्यावरून पाणी वाहायला लागलं. त्याला ठाऊक होतंच, गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

मग तिनं हात जोडले. समोर ना पिंड, ना फोटो, नुसती भिंत. आवाज न करता ती अशी रडली की छाती फुटेल असं मला वाटलं. "देवा, हा माहा हाये. मीच जन्माले घातला, मीच खोटं बोलली. तुले सगळं दिसतच होतं. याले ठेव. अन नाईच ठेवनार असशीन तं... माहा म्हनून घेऊन जा. टाकलेला म्हनून नको नेऊ." मधेच कुठेतरी बार उडाला. त्याचं अंग वर उचललं गेलं. ती तशीच हात जोडून बसली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पाडव्याच्या पहाटे दार उघडलं आणि ती स्वतः बाहेर आली. गिरधर उठून उभा राहिला.

"माहा उखर्डू गेला," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं चारचौघांत 'माहा' म्हटलं.

बसायला आलेल्या बायका जे बोलायचं ते बोलल्याच. त्यातली कोकिळा तर तोंडावर म्हणाली, "हळद लागेपरेंत थांबली असती तं वाचला असता. बोलली अन नजर लागली." मी तिला अशी झापली की ती चहा न घेता उठली. भागाबाई नुसती ऐकत होती. कोकिळा गेल्यावर मला म्हणाली, "खोटं नसंनबी बोलत ती. मले काय समजते?"

सुतक फिटलं त्या सकाळी मी दारात उभी होते. भागाबाई तांब्या घेऊन नदीकडे निघालेली दिसली. माझं डोकं फिरलं. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"त्याच्याकडे जाते? अजून? पोरगा नेला त्यानं तुहा! खरं सांगितलं, रडली, काय देल्लं त्यानं तुले?"

तिनं हात सोडवून घेतला नाही. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"मंग रडू कोनाफुडं, मथुरा?" ती म्हणाली. "तुह्याफुडं रडली तं तूबी रडते. गिरधरफुडं रडली तं तो जेवत नाई. महादेव तेवढा बसून आयकते."