साहेब आले की बंद पडणारं मशीन

ठोक्याला झोप कधी लागत नसे. ती अंगावर येऊन बसायची आणि कुणी हाक मारली की उठून जायची. कारखान्यात कुठलंही यंत्र रुसलं की हा वायरमन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पॅनेलवर दोन ठोके द्यायचा आणि यंत्र निमूट चालू लागायचं. एकदा चुकून ठोका स्वतःच्याच कपाळावर बसला, तर चार वर्षांची सर्दी पळाली म्हणतात.

पण दोर वळायचं मशीन काही ताळ्यावर येईना. एरवी ते गुणी बाळासारखं चाले. साहेब आले रे आले, की जरा वेळानं खट्ट, बंद. पुन्हा सुरू करावं, तर काही केल्या उठेना. थोडा वेळ गेला की आपोआप शहाणं होई. तोवर दोराचा असा गुंता होई, की सोडवून झाल्यावर माणसानं आपली बोटं मोजून घ्यावीत.

मशीन चालवायची ठोक्याची थोरली बहीण. कॉम्प्युटर हुकूम सोडी, पॅनेलमधला बोटभर रिले तो ऐकून मशीनला वीज देई. ताईनं बटण दाबून सुरू करायचं आणि स्टुलावर बसून दोरावर लक्ष ठेवायचं. साहेबांनी पडद्यावर बोट आपटलं होतं. "हा म्हणतो चालू. म्हणजे हातानंच बंद केलंय. पुन्हा असं झालं तर बाई पॅकिंगला."

पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागे, आणि ताईचे गुडघे तिला जिना चढतानाच शिव्या देत.

ठोक्यानं रिले बदलला, वायरी आवळल्या, थांबवायचं बटणही नवं घातलं. फरक शून्य.

"रिले भितोय साहेबांना," पॅकिंगवाला म्हणाला. "रजा दे बिचाऱ्याला, त्यालाही बायकापोरं असतील."

शेवटी दमल्या माणसाला सुचतं तेच ठोक्याला सुचलं. पालथ्या बादलीवर बसत तो हळूच म्हणाला, "ताई, खरं सांग. साहेब दिसले की घाबरून तुझाच हात जातो का गं बटणाकडे?"

ताईनं दोरावरची नजर काढली नाही. "तुला लहानपणी आंघोळ घालायचे मी. तेव्हा घाबरले नाही, तर आता कशाला घाबरू?"

पण हसली नाही. त्या दुपारी ती एकटीच जेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तसा ठोक्यानं त्यांना मशीनपाशीच थांबवलं. मशीन आपलं चालतंय.

"मला तर अजिबात घाबरत नाही हे," साहेब म्हणाले. आवाज जरा हिरमुसलेलाच होता. मग ते केबिनमध्ये गेले.

खट्ट.

ताईचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावर 'चालू'.

ठोक्या पाय ओढत केबिनमध्ये गेला. "साहेब, आत आल्या आल्या काय केलंत?"

"काय करणार? चहाचं पाणी ठेवलं." टेबलावर विजेची नवीकोरी किटली कुरकुरत होती. साहेबांनी किटलीकडे पाहिलं, मग वायरीवरून नजर खाली प्लगपर्यंत नेली. "अरे, हा प्लग पॅनेलच्या स्टॅबिलायझरवरून घेतलाय मी. तिथली वीज कधी कमीजास्त होत नाही म्हणून."

"कुणाकडून घेतलात?"

"बाहेरचा माणूस आणला होता. म्हटलं, तुला कशाला त्रास."

ठोक्या दाराच्या चौकटीला टेकला. उभं राहायलाही बळ लागतं.

किटली एवढी वीज ओढी, की रिलेची पकडच सुटे. कॉम्प्युटर मात्र उरल्यासुरल्या विजेवर तग धरून 'चालू, चालू' घोकत बसे. साहेबांनी स्वतः किटली काढून, लावून पुन्हा पाहिलं. पुन्हा खट्ट.

बाहेर येऊन ते म्हणाले, "बाई, करा सुरू."

ताई हलली नाही. "आधी यानं सांगू दे, बटण कुणी दाबलं होतं."

पॅकिंगवाल्यांचे हात थांबले. ठोक्याला उभ्या उभ्या डुलकी येत होती. "कुणी नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही."

मशीन तर बंदच होतं. तरी तो ओरडला, "ताईनं नाही दाबलं."

साहेबही बुटांकडे बघत म्हणाले, "नाही दाबलं बाईंनी."

तेव्हा कुठे ताईनं मशीन सुरू केलं. दोर वळायला लागल्यावर ती भावाला म्हणाली, "तू निदान विचारलंस. यांनी तर ठरवूनच टाकलं होतं."

ठोक्यानं मान हलवली आणि शिडी शोधायला निघाला. साहेबांच्या किटलीसाठी वेगळी वायर ओढायची होती, आणि या खेपेला त्रास त्यालाच द्यायचं ठरलं होतं.