द्वारकाबाईंचा बँडसॉ

कालिंदी शाळेत गणित शिकवायची आणि सिडकोतल्या घराच्या गॅरेजमध्ये लाकडी खेळणी करायची. हातकरवतीनं गोल वळणं कापून मनगटं दुखायला लागली, तेव्हा तिनं बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची विजेवरची करवत, घ्यायचं ठरवलं. दुकानातली नवी लहान मशीनं तिला पत्र्याची वाटली. मग कळलं, चितेगावात एक जुनं, ओतीव लोखंडाचं मशीन विकायचंय. भाव इतका कमी, की आनंद व्हायच्या ऐवजी तिला शंकाच आली.

मशीन द्वारकाबाईंच्या नवऱ्याचं. तो अवजारांचे दांडे करायचा. गेल्या वर्षी वारला.

"चालू करून दाखवता, मावशी?" चितेगावात पोचल्यावर कालिंदीनं विचारलं.

"आधी सांगा, तुमाला कुणी धाडलं?" द्वारकाबाई शेडच्या दारातून हलल्या नाहीत. "असाच एक आला व्हता. कारखाना हाय म्हणला. आमच्या मालकांचं लेथ नेलं, अन् भंगारवाल्याकडं त्याचं तुकडं केलं."

"मी स्वतः काम करते."

"मंग तुमीच चालवून दाखवा."

म्हणजे काहीतरी लपवायचंय, कालिंदीला वाटलं. तिनं झाकण उघडून वरचं चाक हातानं फिरवलं. डुगडुगत नव्हतं. रबर शाबूत होतं, लोखंडाला तडाही नव्हता. दोष सापडेना तसा तिचा संशय वाढत गेला. तिनं पात्याला ताण दिला, ते चाकाच्या मधोमध धावेल असं जुळवलं, पातं सरळ ठेवणारी दोन्ही बाजूंची बेअरिंगं त्याच्या अगदी जवळ आणली, पण टेकू दिली नाहीत. मग बटण दाबलं. आवाज छान होता.

फळी पुढं सरकवली, तर ती टेबलावरून वर उचलली जायला लागली. कापायचं राहिलं बाजूला, धूर निघाला आणि लाकडावर काळा चट्टा उमटला.

कालिंदी दचकली. द्वारकाबाई दचकल्या नाहीत.

"हे तुम्हाला माहीत होतं," मशीन बंद करून ती म्हणाली.

चाकं थांबल्यावर तिनं वाकून पाहिलं. पात्याचे दात खाली हवेत, ते वरच्या दिशेनं होते. पातं उलटं बसवलेलं! गप्प बसले तर हे आणखी स्वस्तात मिळेल, हा विचार तिच्या मनात आला आणि थोडा रेंगाळला.

"पातं कुणी बसवलं?"

"मीच," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "मालक गेल्यावर बी लोक दांडे मागत व्हते. म्हणलं, आपुन करावं. पातं तुटलं, नवं घातलं, तवापासून निस्ता धूर. वाटलं, माझ्या हातनं मशीन बिघडलं. कुणाला कळायच्या आत इकून टाकावं."

कालिंदीनं वायर काढली, पातं उतरवलं, आतली बाजू बाहेर वळवून पुन्हा चढवलं. ताण, चाक, बेअरिंगं, सगळं नव्यानं जुळवलं. आता फळी सरळ कापली गेली. द्वारकाबाईंनी दुसरी फळी उचलली. आधी इंचभर ढकलून बिचकून थांबत होत्या. अर्ध्यावर आल्यावर न थांबता ढकलू लागल्या.

"रागावू नगा ताई," त्या म्हणाल्या, "पर आता मी इकत नाय."

परतताना बसमध्ये कालिंदी धुमसत होती. फुकटात दुरुस्ती करून घ्यायलाच बोलावलं असेल का? पण फळी ढकलताना त्या बिचकत होत्या, ते खोटं नव्हतं.

तिनं शेवटी शहरातूनच एक मध्यम आकाराचं नवं मशीन घेतलं. पावसाळ्यानंतर द्वारकाबाईंचा फोन आला. बाभळीसाठी कुठलं पातं घ्यावं, विचारत होत्या.

"मोठ्या दातांचं घ्या," कालिंदी म्हणाली. मग राहवेना. "खरं सांगा मावशी, त्या दिवशी विकायचं होतं ना तुम्हाला?"

"अजून संशय हाय व्हय?"

"आहे थोडा."

"मला बी व्हता तुमचा," द्वारकाबाई म्हणाल्या, "पार फळी कापस्तोवर."