आठशेचा हट्ट

“वायरच सैल असणार,” गोठ्याचा मालक लाउस्ट म्हणाला. “तुमचा तो मेकॅनिक तसंच म्हणत होता.”

यंत्र बनवणाऱ्या कंपनीतून आलेली बोडिल झाकणाचे स्क्रू सोडवू लागली. गोठ्यात हाडं गोठवणारी थंडी होती आणि दूध काढणारं यंत्र सलग चौथ्या सकाळी बंद पडलं होतं. दारात खोळंबलेल्या डाग्मार गाईनं हंबरून गोठा डोक्यावर घेतला होता. आज जमलं नाही तर यंत्र उचलून न्या, असं लाउस्टनं कालच फोनवर ठणकावलं होतं.

तिनं झाकण काढून आतल्या बोर्डाला लॅपटॉप जोडला. यंत्र सुरू होताना मेमरी किती वेगानं चालवायची, ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती ओळ तिचीच होती: आठशे, तपासलं, बोडिल. तिनं मेमरीची चाचणी लावली. चुकाच चुका! आकडा सहाशे सदुसष्टवर आणला. एकही चूक नाही. पुन्हा लावली, तरी नाही.

म्हणजे दोष तिच्याच आकड्याचा होता. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी रिके ऑगस्टपासून कानीकपाळी ओरडत होती, वेग जरा खाली घे, थंडीत झेपायचा नाही. पण ऐकेल ती बोडिल कसली! हीटरशेजारी ठेवून एकच बोर्ड तपासला आणि तेच आकडे साऱ्या यंत्रांत घातले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असा हलगर्जीपणा कधी केला नव्हता. आणि येत्या शुक्रवारी तिचा निरोपसमारंभ होता. वायर सैल होती म्हटलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“वायर नाही रे, लाउस्ट,” ती म्हणाली. “चूक माझी. वेग जास्त ठेवला मी. आता कमी केलाय, पण यंत्राच्या कॅमेऱ्याला गाईचे सड शोधायला अर्धा सेकंद जास्त लागेल.”

“अर्धा सेकंद?” लाउस्ट हसला. “अगं, डाग्मारला काय कोपनहेगनची गाडी गाठायचीय?”

डाग्मार आत गेली. यंत्राचा हात तिच्या पोटाखाली सरकला, जरासा थबकला आणि बरोबर जागी लागला. नळीतून दूध वाहू लागलं.

हा बदल आता साऱ्या गोठ्यांतल्या यंत्रांना जायचा होता. बोडिलनं खाली टीप लिहिली: ‘आधीचा आकडा चुकीचा. एकाच बोर्डावर, उबेत तपासला होता. रिकेनं तेव्हाच सांगितलं होतं. बोडिल.’ पाठवली, तोच रिकेचा फोन.

“अगं बाई, हे सगळे वाचतील! जायच्या आठवड्यात हे कशाला? निदान तुझं नाव तरी काढते मी.”

“हात लावू नकोस. पुढच्या माणसाला कळायला हवं, आकडा का बदलला ते.”

“आणि शुक्रवारी केक कापताना टोमणे मारतील, त्याचं काय?”

“मारू देत. पहिला तू मार. तुझा हक्कच आहे.”

रिके खो खो हसत सुटली. बोडिललाही फार हलकं वाटलं. तिनं फोन खिशात टाकला, झाकण बसवून चारही स्क्रू आवळले आणि लाउस्टनं पुढे केलेली कॉफी घेतली. डाग्मार बाहेर पडली. पुढची गाय कुणी न हाकता आत शिरली.