हिरव्या मोटारीच्या नव्या इंजिनाची कैफियत

मी एक जुनी मोटार आहे आणि माझे इंजिन मागच्या बाजूला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण शहाणी माणसे येतात, माझे पुढचे झाकण उघडतात, आत रिकामी पेटी पाहतात आणि चुकचुकतात, "अरेरे, इंजिन कोणी काढून नेलं?" मित्रांनो, अशाच शहाण्यांच्या तावडीत मी मध्यंतरी सापडले होते. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा कडवटपणा आला, तर पोटात घाला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचे सपाट ताव यंत्राखाली गेले आणि गोल गुबगुबीत होऊन बाहेर पडले. मला कच्च्या पेरूसारखा हिरवा रंग मिळाला. मग मागच्या कोनाड्यात माझे इंजिन बसवले. त्याला पाणी लागत नाही. एक पंखा वारा घेतो आणि तापलेल्या लोखंडावर फुंकतो, की झाले. मात्र त्या इंजिनाच्या चहूबाजूंनी काळ्या पत्र्याचे पडदे असतात. वरचा गार वारा वर राहावा, खालचा गरम वारा खाली जावा, दोघांची गाठ पडू नये, एवढेच त्यांचे काम. दिसायला ते अगदी सामान्य. घरातल्या कर्त्या बाईसारखे, असतात तोवर कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

मला विकत घेतले ते जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. तेव्हा त्या तरुण होत्या. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये गाई, शेळ्या, घोडी जे काही आजारी पडेल, त्याच्याकडे आम्ही दोघी जायचो. चढ लागला की बाई दुसऱ्या गिअरमध्ये देवाचे नाव गुणगुणायच्या आणि माझे इंजिन मागून ठेका धरायचे. आम्ही दोघींनी मिळून केवढे नामस्मरण केले, ते त्या देवालाच ठाऊक. परतताना मागच्या सीटवर कधी आईविना राहिलेले करडू असायचे. इंजिनाची ऊब आत यायची, करडू झोपी जायचे आणि सीटवर जे करायचे ते करून ठेवायचे. मी कधी तक्रार केली नाही. वरच्या वस्तीत मला 'हिरवी' म्हणत. "हिरवी आली का?" असे लोक विचारायचे. डॉक्टर आल्या का, असे नव्हे. हे ऐकून मला थोडा गर्व व्हायचा, खोटे कशाला सांगू?

पण वय कोणाला चुकले आहे? माझे इंजिन झिजले. चढावर दम लागू लागला. मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवायचे. शेवटी बाईंच्या लेकीने निर्वाणीचे सांगितले, "आई, वाटेत अडकलीस तर कोण येणार तिथे? एक तर गाडीचं काहीतरी कर, नाहीतर वरची गावं सोड."

वरच्या गावांना दुसरा डॉक्टर नव्हता. बाई म्हणाल्या, "गाडीचं करते."

आणि इथे जावईबापूंनी उडी घेतली.

जावईबापू मनाने वाईट नाहीत. पण त्यांना जुन्या मोटारींचा नाद होता, आणि नाद असलेल्या माणसाला मित्र असतात. एका सुट्टीच्या सकाळी ते सगळे गॅरेजच्या अंगणात माझ्या मागे कोंडाळे करून उभे राहिले. एकाच्याही नखात काळे तेल नव्हते. एकाने काळा चष्मा घातला होता, तो गॅरेजच्या अंधारातही काढला नाही. त्याला आपण चष्मेवाला म्हणू. दुसऱ्याचे म्हणणे, माझ्यात पाण्यावर गार होणारे नवे इंजिन बसवावे. म्हणजे माझ्या नाकाला भोक पाडून तिथे पाण्याची जाळी लावायची. तिसरा म्हणाला, इंजिनच नको, बॅटरीवरची मोटर घाला. तो एकटा निदान हळू आवाजात बोलत होता. चष्मेवाल्याचे मात्र ठरलेलेच होते, मोठे सिलिंडर, दोन कार्बुरेटर, आणि सगळे चकचकीत.

"किती घोड्यांची ताकद निघेल?" जावईबापूंनी विचारले.

"दुप्पट. मनावर घेतलं तर जास्तच."

"मेस्त्री, होईल ना?"

"होतं की साहेब," मेस्त्री म्हणाला. हा मेस्त्री पाण्याच्या इंजिनालाही 'होतं की' म्हणाला होता आणि बॅटरीलाही. मला पंख लावायचे ठरले असते तरी त्याने तेच उत्तर दिले असते.

डॉक्टरीणबाई एका उपड्या डब्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला घोडे नकोत हो. मला बैल हवा. वेग नको, ओढ हवी. आणि चढावर तापायला नको."

सगळे हसले. मित्रांनो, आयुष्यभर घोड्यांच्या तोंडात हात घातलेली बाई घोडा आणि बैल यांतला फरक सांगते आहे, आणि ज्यांनी घोडा फक्त फटाक्याच्या डबीवर पाहिला, ते हसत आहेत. या हसण्याला काय म्हणावे? उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढेच म्हणते आणि पुढे जाते.

"आई, तुम्ही काळजी करू नका," जावईबापू म्हणाले. "तुम्हाला सरप्राइज देतो."

दिले. माझे जुने इंजिन उचलून बाजूला ठेवले आणि नवे आत बसवले. वरून कीर्तन, आतून तमाशा. पंख्यावर चांदीसारखी झिलई, दोन्ही बाजूंना कार्बुरेटर, जसे काही कानांत झुमके. पण एक अडचण आली. ते काळे पत्रे लावले की ही सगळी शोभा झाकली जाई.

"हे कशाला हवेत?" चष्मेवाला म्हणाला. "हवेवर गार होतं ना? मग मोकळी हवा लागू द्या की त्याला."

"होतं की," मेस्त्री म्हणाला, आणि पत्रे भंगाराच्या ढिगावर गेले. मागचे झाकणही दोन टेकूंवर अर्धे उघडे ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला आतले दिसावे म्हणून. म्हणे श्वास घेते आहे.

मग मला जुन्या मोटारींच्या प्रदर्शनासाठी एका मैदानावर नेऊन उभे केले. तिथे माझ्यासारख्या आणखी मोटारी होत्या, साऱ्या घासूनपुसून गप्प बसवलेल्या. एकीच्याही चाकाला चिखल नव्हता. लोक येत, वाकत, "वा, वा" म्हणत आणि माझ्या इंजिनात स्वतःचा चेहरा पाहून केस नीट करत. जावईबापूंना एक कप मिळाला. तो पितळेचाही नव्हता. त्या दिवशी मला कोणी विचारले नाही की बाई, तू काय काम करतेस? सपाट रस्त्यावर मी वाऱ्यासारखी पळाले, हे खरे आहे. सपाट रस्त्यावर कोण पळत नाही?

थोड्याच दिवसांत वरच्या वस्तीतून फोन आला. एक गाय अडली होती, वासरू आडवे आले होते. गाय एका एकट्या म्हातारीची, आणि तिचे घर त्या एका गाईवर चाललेले. "चला, मी सोडतो," जावईबापू म्हणाले. "बघाच आता, कशी पोचवतो."

सुरुवातीला मी खरेच उडाले. बाईंनी सवयीने गुणगुणायला सुरुवात केली, पण त्या घाईच्या आवाजात त्यांना ठेका सापडेना. अर्ध्या चढावर माझी ओढ गेली. आतून टणटण आवाज येऊ लागला, जळक्या तेलाचा वास आला, आणि समोर लाल दिवा लागला.

"थांबवा," बाई म्हणाल्या.

"थोडंच राहिलंय आई. दाबू या."

"जावईबापू, थकलेल्या जनावराला चाबूक मारणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. थांबवा."

वळणावर मी उभी राहिले. बाई उतरल्या, मागे आल्या आणि चालू इंजिनाच्या कडेला त्यांनी तळहात धरला. गाभण गाईच्या पोटाजवळ धरतात तसा.

"हे खालचं गरम वारं वर येतंय. आपलंच सोडलेलं पुन्हा ओढून घेतंय ते. इथे काहीतरी आड होतं ना पूर्वी?"

"ते पत्रे?" जावईबापू म्हणाले. "काढले आम्ही. दिसायला मध्ये येत होते."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग पुढे जाऊन इंजिन बंद केले. गार व्हायची वाट पाहायला गाईला वेळ नव्हता. किती तरी वेळाने चाऱ्याचा एक ट्रक आला. त्यात आपली बॅग चढवून, दुखऱ्या गुडघ्याने बाई वर चढल्या आणि गेल्या. आम्ही दोघे उरलो, मी आणि घोडे मोजणारा.

बाई परतल्या तेव्हा ऊन उतरले होते. बाह्या अजून वर सरकवलेल्याच होत्या.

"गाय वाचली," त्या म्हणाल्या. "वासरू गेलं. थोडा उशीर झाला."

जावईबापूंनी पाण्याची बाटली पुढे केली. बाई दगडावर बसल्या. "म्हातारी रागावली नाही. नुसतं म्हणाली, बाई, पूर्वी तुमची हिरवी हळू यायची, पण यायची."

मित्रांनो, मैदानावरच्या साऱ्या 'वा वा' एका पारड्यात टाका आणि म्हातारीचे हे वाक्य दुसऱ्यात टाका. मी त्या वळणावर मान खाली घालून उभी होते. मान नाही मला, तरी घातली होती.

"माझं जुनं इंजिन कुठे आहे?" बाईंनी विचारले.

जावईबापू चाचरले. "त्याने नेलं. काळ्या चष्म्याच्या मित्राने."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बैठकीची खिडकी रस्त्यावरच होती, त्यामुळे मला सगळे दिसले. माझे इंजिन धुऊनपुसून, पॉलिश करून बैठकीच्या मधोमध ठेवले होते. खाली चार पाय, वर जाड काच. काचेवर चहाचे कप.

"काकू, भारी दिसतं ना?" चष्मेवाला म्हणाला. घरातही चष्मा होताच. "येणारा प्रत्येक जण विचारतो."

बाईंनी कप एकेक करून उचलले आणि त्याच्या हातात दिले. काच बाजूला सरकवली. वाकून खालून हात फिरवला. पाय बसवण्यासाठी त्याने माझ्या इंजिनाच्या पोटाला आरपार भोके पाडली होती. आता त्यात तेल ठरणार नव्हते. ज्या पोटातून इतकी वर्षे ऊब आली, ते आता फक्त बशा धरण्याच्या कामाचे उरले होते.

"तुमच्याकडे वडीलमाणसं थकली, की त्यांचंही फर्निचर करता का?" बाईंनी शांतपणे विचारले.

त्याने प्रथमच चष्मा काढला. पण त्याचे डोळे पाहून मला वाटले, घातलेला होता तेच बरे होते.

गाडीत बसल्यावर जावईबापू म्हणाले, "आई, मी नवीन गाडी घेऊन देतो तुम्हाला."

"मी मागितली?"

"मग हिचं काय करायचं?"

"जे पोटात बसवलंय तेच वाढवायचं. लेकराला नीट वळण नाही लावलं, तो लेकराचा दोष नाही. त्याचं खाणं कमी करा. त्या कार्बुरेटरांची दोन तोंडं कशाला हवीत? एक पुरे. ती झिलई गेली तरी चालेल. आणि पत्रे शोधून आणा. तुम्ही आणा. मेस्त्री नको."

भंगाराच्या ढिगात पांढरे बूट घालून कोणी उतरलेले तुम्ही पाहिले आहे का? मी पाहिले. जावईबापू गंजलेल्या बादल्या आणि तुटक्या सायकली उपसत होते, आणि मेस्त्री वरून "सापडतं की साहेब" असा धीर देत होता. पत्रे सापडले, एक चेपलेला होता. तो त्यांनी स्वतः ठोकून सरळ केला, दोनदा बोट चेचून घेतले. मग माझ्या मागे गुडघे टेकून सगळे स्क्रू स्वतः आवळले. दोन कार्बुरेटरांच्या जागी एकच ठेवला, फटींमधले रबर बसवले. झाकणाचे टेकू काढून झाकण बंद केले. नव्या इंजिनाची सारी शोभा काळ्या पत्र्यांआड गेली. मी त्या इंजिनाला मनोमन म्हटले, आता तू कामाला लागलेस.

मला ते आवडले का? लगेच नाही. माझ्या इंजिनाची जागा त्याने घेतली होती, आणि त्यात त्याचा काही गुन्हा नव्हता हे मला कळत होते, तरी नाही. पण पुढच्या फेरीला आम्ही चढाला लागलो. जावईबापू चालवत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, एका चालीने. मागून हॉर्न वाजले. त्यांनी कडेला घेऊन वाट दिली. चष्मेवाला आणि त्याचा कंपू आपल्या झगमगीत गाडीतून हात हलवत, हसत पुढे निघून गेला. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी पाय होता तिथेच राहिला. ते वळण आले आणि मागे पडले. लाल दिवा लागला नाही. नव्या इंजिनाने ओढ धरली ती सोडली नाही, आणि माझ्या मनातली अढी तिथेच कुठेतरी गळून पडली.

मुलांनो, मित्रांनो, सुधारणा वाईट नसते. मलाही ती हवीच होती. पण ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला आधी विचारा, आणि जे दिसत नाही ते टाकून देण्याआधी ते काय काम करते एवढे पाहा. तुमच्या घरातही असे काळे पत्रे असतील. त्यांच्यावरून एकदा हात फिरवा.

"आई, बरोबर चाललंय ना?" वस्ती दिसू लागल्यावर जावईबापूंनी विचारले.

उत्तर आले नाही. इतक्या वर्षांत या चढावर बाईंनी कधी डोळा मिटला नव्हता. त्या दिवशी बॅग मांडीवर धरून, खिडकीला डोके टेकून त्या गाढ झोपल्या होत्या. जावईबापूंनी पुन्हा विचारले नाही. पुढचा खड्डा त्यांनी अगदी हळू चुकवला.