एकसष्ट नळ्यांची रांग

बाईंनी ऑर्गनच्या नळीच्या मानेवर अंगठा टेकवला आणि तिथं खळगा पडला. त्यांनी चटकन नळी फिरवून खळग्याची बाजू खाली, घोंगडीकडे केली.

"दिसलं मला," थोरला म्हणाला.

"काय दिसलं? नखं वाढलीत माझी."

"नखानं खळगा पडतो म्हणजे तिच्यात काही उरलंय का, आई? आपल्याच वजनानं खचल्यात सगळ्या. त्यात आता वाऱ्याचा जोर वाढणार. पहिल्याच सुराला माना टाकतील."

"तुझ्या वडिलांनी केल्यात त्या."

"म्हणून तर विचारतोय. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर सोमवारीच वितळायला कढईत गेल्या असत्या."

"कढई तापवून ठेवलीस आणि मग विचारतोयस. याला तू विचारणं म्हणतोस वाटतं."

थोरल्यानं मान खाली घातली. चाळिशी उलटली होती, हाताखाली नऊ माणसं होती, पण आईपुढे त्याची जीभ अजून टाळ्याला चिकटायची.

कॅथेड्रलच्या बाजूच्या लांब दालनात ऑर्गन उलगडून ठेवला होता. बाकांवर घोंगड्या आणि घोंगड्यांवर नळ्या. काही पेन्सिलीएवढ्या, काही दोन माणसं एकावर एक उभी केली तरी पुरणार नाहीत एवढ्या. दोनशे वर्षांचं हे धूड आता वाढायचं होतं. पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या त्या चार होणार होत्या. मागच्या भिंतीशी नवा कप्पा, नवा भाता, दीड हजार नव्या नळ्या. बाईंच्या सासरी तीन पिढ्या या वाद्याची उस्तवार चालली होती. घरात त्याला सगळे 'जावई' म्हणत, कारण कितीही केलं तरी त्याचं तोंड वाकडं ते वाकडंच.

त्या सगळ्या पसाऱ्यात यांची, म्हणजे बाईंच्या गेलेल्या नवऱ्याची, म्हणावी अशी रांग एकच होती, एकसष्ट नळ्यांची. तिचा जुना धातू वितळवायचा, त्यात नव्या कथलाची भर घालायची आणि नव्या रांगेसाठी पत्रा ओतायचा, असं थोरल्याच्या मनात होतं. फादरांनी मात्र बजावलं होतं, बाई हो म्हणतील तरच. बाईंना ते आवडलं होतं. निदान एका माणसाला तरी पायरी कळते, असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं, थोरल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आता कढईखाली जाळ होता आणि सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

बाई बाकावर बसल्या. एकोणिसावी नळी त्यांनी मांडीवर घेतली. मोजावी लागली नाही, हाताला कळली. हीच ती उशिरा बोलणारी. पट्टी दाबली की क्षणभर थांबायची, घसा खाकरल्यासारखं करायची आणि मग सूर धरायची. वादक चिडायचा. हे म्हणायचे, "चिडू दे. विचार करून बोलते ती. तुझ्यासारखी नाही."

हे आत, नळ्यांच्या गर्दीत, हातात बारीक सुरी घेऊन सूर लावत बसलेले असायचे. बाहेर पट्ट्यांपाशी बाई. आतून लाकडावर एक ठोका पडला की पट्टी दाबून धरायची, दोन पडले की पुढची घ्यायची. बाईंची शाळा चौथीत सुटली होती आणि सुरांची नावं त्यांना शेवटपर्यंत आली नाहीत. पण उन्हाळा-हिवाळा त्या तशा बसल्या. थोरला पोटात होता तेव्हाही बसल्या. मांडीवर आला तेव्हा एका हातानं त्याला थोपटत, दुसऱ्यानं पट्टी दाबत. यांचा चेहरा दिसायचा नाही, नुसता ठोका. एकदा भांडण होऊन तीन दिवस अबोला होता, तेव्हाही काम थांबलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आतून तीन ठोके पडले. तीनचा अर्थ काही ठरलेला नव्हता. बाई बराच वेळ पट्टीवर बोट ठेवून बसल्या आणि मग एकट्याच हसल्या.

"तळाचं शिसं वितळलंय, आई," सूनबाई कढईपाशी उभी होती. हातात लांब पळी, अंगावर गुडघ्याखाली लोंबणारा एप्रन.

"तो एप्रन आहे की पोतं?"

"तुमचाच आहे. मापाचा मागितला तर तुम्हीच म्हणालात, मापात बसायला अजून वेळ आहे."

नऊ माणसांपैकी दोघं हसली आणि बाईंनी बघताच कामाला लागली. सूनबाईला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती. आली तेव्हा तिला नळी कुठल्या बाजूनं वाजते हेही ठाऊक नव्हतं. आता नळीचं तोंड कापायला तीच बसायची. हात चांगला होता. बाईंनी हे अजून तिला सांगितलं नव्हतं.

"ही अक्कल कुणाची?" बाईंनी थोरल्याला विचारलं. "वितळवायची."

"माझीच."

"तुझी नाही. तुला एवढं सुचत नाही."

थोरला खाकरला. सूनबाईनं पळी कढईच्या काठावर टेकवली.

"माझी आहे. मीच म्हटलं यांना. हे तर म्हणत होते, नळ्या गुंडाळून माळ्यावर ठेवू, आईला वाईट वाटायला नको. मी म्हटलं, माळ्यावर ठेवून त्यांचं काय होणार? धूळच खातील ना. तोच धातू घेतला तर बाबा निदान आत तरी राहतील." तिची नजर खाली गेली नाही. "तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा. यांच्यावर नको."

थोरला पुढे झाला.

"राहू दे, आई. जाळ काढतो. माळ्यावर ठेवू."

बाईंनी हात वर केला तसा तो थांबला. मांडीवरची नळी त्यांनी घोंगडीवर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि कढईपाशी गेल्या. आत डोकावल्या.

"धातूवरची मळी अशी काढतात? निम्मा धातू पळीवर येतोय. पळी आडवी धर. सायीखालून नाही, सायीवरून."

"तुम्ही कधी काढली होतीत?" सूनबाईनं विचारलं. तिला ते खरंच ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"काढली होती." बाईंनी तिच्या हातातली पळी घेतली. "लग्नाला वर्ष व्हायचं होतं. याच्या आजोबांची रांग होती, त्यांना जाऊन चार महिने झाले होते. अशाच माना टाकल्या होत्या नळ्यांनी. मीच यांना म्हटलं, वितळवा. जवळजवळ याच शब्दांत म्हटलं."

थोरला बघतच राहिला. "बाबा तर सांगायचे, या रांगेत सगळा नवा कोरा धातू आहे म्हणून."

"मी सांगायला लावलं. सासूबाई त्या बाकावर बसल्या होत्या, तिथं. मी पहिली नळी कढईत सोडली आणि त्या उठून गेल्या. त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. एका घरात, एका टेबलाशी जेवलो. पण माझ्याशी सरळ असा शब्द नाही. काही हवं असलं की भिंतीला सांगायच्या." बाईंनी मळीची पातळ साय अलगद ओढून बाजूला टाकली. खालचा धातू आरशासारखा उघडा पडला. "मी पण मानी. मीही भिंतीलाच उत्तरं दिली."

बाईंनी पळी सूनबाईकडे दिली, बाकापाशी गेल्या आणि एकोणिसावी नळी घेऊन आल्या. सूनबाईनं ती घ्यायला हात पुढे केला.

"तू नाही," बाई म्हणाल्या. "तू मागं सर."

त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरून कढईच्या काठावर टेकवली आणि हळूहळू आत सोडली. नळी क्षणभर तशीच तिरपी उभी राहिली. मग खालून बसत गेली. बाई बघत होत्या. शेवटचं टोक बुडालं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, बाहीनं पुसला आणि परत लावला.

"बघत काय बसलात? बाकीच्या आणा."

साठ नळ्या एकामागून एक गेल्या. वरून नवं कथील पडलं. थोरल्यानं कागदाची पट्टी बुडवून काढली. तपकिरी झाली, पण जळली नाही. धातू ओतायला तयार होता. लांब मेजावर कापड ताणलेलं होतं. मेजाच्या टोकाशी लाकडी पेटी. ती भरली की दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायची आणि न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायची, म्हणजे तिच्यामागे पत्रा पसरत जातो. मध्ये पाऊल अडखळलं की पत्र्याला वळ पडतो आणि सगळं पुन्हा वितळवावं लागतं.

एका बाजूला बाई उभ्या राहिल्या, समोर सूनबाई. थोरल्यानं पेटी भरली.

"चल," बाई म्हणाल्या, आणि दोघी चालू लागल्या. "पाय उचलू नकोस, घासत चाल. हात घट्ट नको, पाखरू धरलंय असं धर. खांदा सैल सोड. माझ्याकडे बघ, धातूकडे नको, तो आपला आपण येतो. आणि तो एप्रन उद्या आण, मी आखूड करून देते. पायात येऊन पडशील एखाद्या दिवशी आणि मग म्हणशील, सासूनं पाडलं."

"म्हणेनच," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"म्हण. पण मला म्हण, भिंतीला नको. आता चार पावलं राहिली. थांबू नकोस."