कृष्णातसाठी राखून ठेवलेला झटका

मी एक जुना रंगीत टीव्ही आहे, मित्रांनो, आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. माझ्या वयाच्या वस्तू सहसा गोड बोलतात. मोडकी छत्री, फाटकं पुस्तक, गंजलेली सायकल, सगळ्या म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मी तसं म्हणणार नाही. माझा एक वैरी आहे. त्याचं नाव कृष्णात. कोडोलीच्या एसटी स्टँडजवळ त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्यासाठी मी एक झटका कित्येक वर्षं राखून ठेवला होता. तो झटका कुठे गेला, ते आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या मुलींनी मला जोडलं. माझ्या पोटात काचेची भलीमोठी पिक्चर ट्यूब बसवली आणि तिच्या पाठीवर पणतीएवढी रबरी टोपी लावली. चित्र दिसायला जी जबर वीज लागते, ती त्या टोपीखालून आत शिरते. ही वीज फार हट्टी असते. बटण बंद केलं, प्लग काढला, तरी ती ट्यूबमध्ये दबा धरून बसते, कधी काही तास, कधी त्याहूनही जास्त. म्हणून शेवटच्या मुलीने माझ्या पाठीवर एक पिवळी पट्टी चिकटवली. तिच्यावर विजेची लाल खूण होती आणि लिहिलं होतं की झाकण उघडू नका, आत जिवाला धोका आहे. मी कुणाला फसवायला आलो नव्हतो. माझा स्वभाव मी पाठीवर लिहूनच आणला होता.

१९९३ च्या दसऱ्याला दादासोंनी मला कोल्हापुरातून कोडोलीला नेलं. दादासो शेतकरी माणूस, वारणेकाठी ऊस, दारात दोन म्हशी. वडापच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या जीपमध्ये मला वाकळेत गुंडाळून ठेवलं होतं आणि त्यांच्या पत्नी मीनाबाई शेजारी बसल्या होत्या. खड्डा आला की त्या आधी मला धरायच्या, मग स्वतःला सावरायच्या. घरात देव्हाऱ्याशेजारी माझं टेबल मांडलं. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. गल्लीत रंगीत टीव्ही तेव्हा मी एकटाच. कुस्तीचं मैदान दाखवायचे त्या दिवशी माणसं दारातून बाहेर सांडायची. मीनाबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने त्या रोज माझी काच पुसायच्या, कोरडीच, आणि पुसताना माझ्याशी बोलायच्याही. मला त्या माणूस म्हणून आवडायच्या. हे मी आधीच सांगून ठेवतो.

मग एका उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला, तारांवर वीज कडाडली आणि माझं चित्र आकसून एक आडवी रेघ झाली, मग तीही विझली. दादासोंनी कृष्णातला बोलावलं.

कृष्णात आला तो हसतच. आल्या आल्या त्याने माझ्या डोक्यात एक थापड मारली.

"थोबाडीत बसली की शाना हुतोय," तो दादासोंना म्हणाला. "माणसागतच हाय ह्यो."

मित्रांनो, थापडेने कुणीही शहाणं होत नाही. माझ्या आतला एक सांधा तेव्हा सैल झाला, तो कायमचाच. पण थापड मी गिळली असती. पुढचं ऐका. माझा फ्यूज उडाला होता. जास्त वीज आली तर स्वतः जळून मला आणि घराला वाचवणं, हे त्या बिचाऱ्याचं काम. कृष्णातने नवा फ्यूज आणलाच नाही, त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली. माझा एक चांगला भाग काढून पिशवीत टाकला आणि दुसऱ्या कुठल्या मेलेल्या टीव्हीचा मला बसवला. झाकणाचे स्क्रू त्याच्या खिशात खुळखुळत होते, ते खिशातच राहिले. झाकण त्याने सुतळीने बांधलं. आणि जाता जाता माझ्या पिवळ्या पट्टीवर, बरोबर त्या लाल खुणेवर, आपल्या दुकानाचं नाव छापलेला कागद चिकटवला.

कोडोलीत म्हणतात, सापाच्या शेपटीवर पाय पडला तर तो डूख धरतो. त्या दिवशी मी डूख धरला. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण त्या रबरी टोपीखाली जे होतं ते पुरेसं होतं. कधीतरी तो तिथे बोट घालणार होता. घालू दे, म्हटलं. मी वाट बघेन.

मला वाट बघायला त्याने भरपूर कारणं दिली. दर वेळी तो यायचा, देव्हारा शेजारी म्हणून उंबऱ्यापाशी चपला काढायचा आणि सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी मांडी घालून बसायचा. मनगटात तांब्याचं कडं. प्लग तसाच भिंतीत, कारण चालू असल्याशिवाय बिघाड सापडत नाही म्हणे. एका हाताने माझी लोखंडी चौकट धरायची, दुसरा हात आत. दोन हातांच्या मध्ये काळीज असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण तो शिकलाच नव्हता. दुसऱ्याचं बघून बघून मेकॅनिक झाला होता. दर वेळी त्याचं बोट टोपीपासून वीतभर लांबून फिरायचं आणि परत जायचं. मी चरफडत राहायचो.

एकदा मीनाबाईंनी विचारलं, "भावजी, आतनं लई धूळ बसलीया. पुसलं तर चालंल का?"

"बिनधास्त पुसा की वैनी," कृष्णात म्हणाला. "प्लग काढला की टीव्ही मेला. मेलेल्या म्हशीला कोण भितंय व्हय?"

हे वाक्य मी विसरलो नाही. मेल्यावरही विसरणार नाही.

घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन काढतात. वाकळा-चादरी वारणेवर जातात, भांडी अंगणात येतात, भिंती झाडतात, जमीन सारवतात. घरातली एक वस्तू पारोशी राहता कामा नये. त्या वर्षी सगळं आवरल्यावर दादासोंच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, माझ्याकडे बोट दाखवलं.

"समद्या घरानं अंघोळ केली. ह्योच तेवढा पारोसा ऱ्हायला."

मीनाबाईंनी प्लग काढला. त्यांना सांगितलं होतं तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं. आक्का थोड्या वेळापूर्वीपर्यंत मला बघत होत्या, म्हणजे मी पुरता भरलेला होतो. मीनाबाईंनी सुतळी सोडली, झाकण काढलं. स्क्रू असते तर ते निघालं नसतं. पिवळी पट्टी दिसली असती तर त्या थांबल्या असत्या. त्यांनी ओलं फडकं पिळून आत घातलं आणि हळूहळू पुसत त्या टोपीपर्यंत आल्या. टोपीच्या कडेला जळमट होतं. ते काढायला त्यांनी तिची कड उचलली.

मला थांबता आलं नाही. विजेला माणसाची ओळख नसते. इतकी वर्षं जे मी कृष्णातसाठी धरून ठेवलं होतं, ते मीनाबाईंच्या बोटांतून गेलं. त्या मागे फेकल्या गेल्या. उजवं कोपर देव्हाऱ्याच्या दगडी ओट्यावर आपटलं, नंतर डोकं. आक्कांची किंकाळी ऐकून गल्ली गोळा झाली. जीपमधून त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. त्या वर्षी घरात घट बसला नाही.

मीनाबाई वाचल्या. कोपराचा चुरा झाला होता. हात जोडला, पण तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. पुढे भाकरी थापताना त्या एका हाताने थापायच्या आणि दुसऱ्याने नुसती परात धरायच्या.

आणि कृष्णात? तो भेटायला आला, चहा प्याला आणि म्हणाला, "वैनींनी वल्लं फडकं कशाला घातलं? वल्लं घालू नये, येवढं कळाय नको?" आक्का मला गटारात टाका म्हणत होत्या. सगळ्यांनी मला दोष दिला, मीनाबाईंना दोष दिला, पण त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. माझ्या अंगाची आग झाली. आधी माझा एकट्याचा हिशेब होता. आता त्यात मीनाबाईंचा हात आला. मी ठरवलं, पुढच्या वेळी हा माणूस या घरातून चालत जाणार नाही.

काही महिने मी कोपऱ्यात पोत्याखाली होतो. मग क्रिकेटचे सामने आले आणि दादासोंनी मला पुन्हा लावलं. थोडा वेळ चित्र दिसलं, मग थरथरायला लागलं. ते मी मुद्दाम केलं की आपोआप झालं, ते विचारू नका. दादासोंनी कृष्णातला निरोप धाडला.

तो आला. चपला उंबऱ्यापाशी. आक्कांनी नुकतंच सारवलं होतं, जमीन ओली होती. तांब्याचं कडं मनगटात. प्लग भिंतीत. मी चालू, तापलेला, भरलेला. त्याने सुतळी सोडली, डाव्या हाताने माझी चौकट धरली आणि उजवा हात आत घातला. या वेळी त्याला टोपीच बघायची होती. ये, म्हटलं. ये, बाबा.

"भावजी, हात काढा."

मीनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या तशाच पुढे आल्या आणि डाव्या हाताने प्लग उपटला.

"बरं, काढला. आता मेला," कृष्णात हसत म्हणाला. "आता घालू हात?"

"असंच सांगितलंतं तुमी मला."

त्याचं हसू मावळलं. दादासो खाली बघायला लागले.

"दवाखान्यात वार्डातला टीव्ही बिघडलाता," मीनाबाई म्हणाल्या. "गणपतराव म्हणून तिथला वायरमन आलता. मी खाटंवर पडून समदं बघितलं, इचारून घितलं. तवा माझ्या घरात त्येच्यागतच करायचं. आदी ते कडं काढा. आन् पायात घाला काईतरी."

"वैनी, देवाम्होरं चप्पल घालून बसू व्हय?"

"देवाचं मी बघते. मला घरात मढं नको." त्यांनी दादासोंच्या रबरी स्लीपर त्याच्यापुढे टाकल्या. "एक हात खिशात घाला. एकाच हातानं काम करायचं. लांब पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या, प्लॅस्टिकच्या मुठीचा. पात्याला वायर बांधा. दुसरं टोक ट्यूबीच्या पाठीवरनं ती उघडी तार गेलीया न्हवं, तिला अडकवा. मग पातं टोपीखाली घाला, म्हंजे वीज तारंतनं जाती, माणसातनं न्हाई."

"आता तुमी शिकवणार मला?"

"न्हायतर उठा," मीनाबाई म्हणाल्या. "आमी टीव्हीबिगर जगतोय."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, उठू नको, ऐकू नको, घाल हात! पण कृष्णातची नजर मीनाबाईंच्या वाकड्या कोपरावर गेली होती. त्याने मुकाट्याने कडं काढलं, स्लीपर घातल्या, एक हात खिशात घातला. पात्याला वायर बांधली, टोक अडकवलं आणि पातं टोपीखाली सरकवलं.

ताडकन आवाज झाला. निळी ठिणगी उडाली, देव्हाऱ्यातले टाक चमकले, आक्कांनी 'आई गं' म्हटलं. माझी सगळी वर्षं, सगळा डूख, त्या एका आवाजात गेला. कुणालाही काही झालं नाही. मला लुटलं, मित्रांनो!

तरी मी थोडं मागे ठेवलं होतं. ट्यूब एकदा रिकामी केली तरी तिच्यात पुन्हा थोडी वीज गोळा होते. कृष्णात घाम पुसून हात पुढे करणार, एवढ्यात मीनाबाई म्हणाल्या, "थांबा जरा. परत एकदा लावा. परत येतीया म्हणत्यात." त्याने पुन्हा पातं लावलं. पुन्हा ठिणगी, बारकी. तेवढंही त्यांनी माझ्याकडे राहू दिलं नाही.

कृष्णातने पातं खाली ठेवलं. खिशातला हात त्याने बाहेर काढला नव्हता.

"वैनी," तो म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं म्हणून हात सरळ हुतोय व्हय?" मीनाबाई म्हणाल्या. "त्यो फ्यूज बसवा नीट. आन् स्क्रू लावा. समदं लावा."

त्याने दुकानातून नवा फ्यूज आणला, तांब्याची तार काढली, झाकणाचा प्रत्येक स्क्रू लावला. माझ्या पाठीवरचा त्याचा कागदही नखाने खरवडून काढला. मग तो चालत घरी गेला, धडधाकट, दोन सरळ हातांनी. ज्याच्या एका वाक्याने मीनाबाईंचा हात गेला, त्याचा जीव त्यांनीच वाचवला. तुम्हाला हे मोठेपण वाटत असेल. मला अजून पचलेलं नाही.

पुढे घरात चपटा टीव्ही आला आणि मी भंगाराच्या गाड्यावर चढलो. आता या भंगाराच्या ढिगात पडून आहे. तुम्ही शाळा सुटल्यावर इथे येता, माझ्या ट्यूबला दगड मारायला बघता, म्हणून एवढं बोललो. ट्यूब फुटली तर काच तुमच्या डोळ्यांत उडेल. घरी जुना टीव्ही असेल तर त्याचं झाकण उघडू नका, प्लग काढलेला असला तरी उघडू नका. दुरुस्तीला माणूस आला तर लांब उभे राहा आणि त्याला विचारा, काका, ट्यूब रिकामी केली का, पायात रबरी चप्पल आहे का, दुसरा हात कुठे आहे? तो हसला तर हसू दे. माझ्यावर दया करा असं मी म्हणत नाही, ती मला नको आहे. एवढंच ध्यानात ठेवा. मीनाबाईंवर माझा जीव होता, तरी मला त्यांना सोडता आलं नाही. तुम्हाला तर मी ओळखतही नाही.